सोलापुरातली समुद्री टाकी आणि जिवंत स्पंज: आणावा का, जगेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी जुळे सोलापुरात राहतो. घरी २०० लिटरची समुद्री टाकी (खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) आहे, खाली सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र). टाकीला सव्वा वर्ष झालं. दोन क्लाउन मासे, एक गोबी मासा, काही शंख असा संसार आहे. पुण्याच्या एका दुकानात झाडासारखा फांद्या असलेला नारिंगी स्पंज पाहिला. दुकानदार म्हणाला, याला काही लागत नाही, उलट हाच पाणी साफ करतो. आणावा का? लाइट किती लागेल, खायला काय घालायचं? शिवाय सम्पमध्ये ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं वरचं पाणी खाली आणणाऱ्या) पाइपला तांदळाएवढ्या पांढऱ्या पिशव्या चिकटलेल्या दिसतात. हा काही रोग आहे का?"

आधी उत्तर, मग कारणं. तो नारिंगी स्पंज आणू नका. पाइपवरच्या पांढऱ्या पिशव्या हा रोग नाही, तेही स्पंजच आहेत आणि त्यांना हात लावू नका. तुमच्या टाकीला झेपतील असे स्पंज सध्या तेच.

दुकानात स्पंज टवटवीत दिसतो. घरी आणल्यावरही महिना-दोन महिने तसाच दिसतो, आणि इथेच माणसाची फसगत होते. मासा उपाशी असला की त्याचं पोट खपाटीला गेलेलं दिसतं. स्पंजाला पोटच नाही. त्याचा आकार आतल्या सांगाड्यावर टिकून राहतो, रंगही बराच काळ राहतो, आणि पेशी मात्र हळूहळू कमी होत जातात. मग एखाद्या फांदीच्या टोकाला पांढुरका डाग दिसतो, त्यावर जाळीसारखा बुरा येतो आणि आठवड्याभरात फांदी पोकळ होते. अशा वेळी लोक मला पाण्याचे रिपोर्ट पाठवतात: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, क्षारता बरोबर. पाण्यात खरंच काही दोष नसतो. स्पंज उपासमारीने गेलेला असतो.

हे नीट समजावं म्हणून थोडा हिशेब मांडतो. शाळेच्या पुस्तकात आपण रंध्रीय प्राणी वाचलेत, स्पंज म्हणजे तेच. अंगभर बारीक छिद्रं, त्यातून पाणी आत येतं, कॉलर पेशींच्या शेपट्या ते पाणी ढकलतात, आणि वरच्या मोठ्या तोंडातून ते बाहेर पडतं. मेंदू नाही, मज्जासंस्था नाही, हृदय नाही. सगळं जगणं या पाण्याच्या प्रवाहावर. आता मुठीएवढा, म्हणजे साधारण पाव लिटर आकारमानाचा स्पंज धरा. चांगला चालणारा स्पंज स्वतःच्या आकारमानाइतकं पाणी दहा-वीस सेकंदांत अंगातून काढू शकतो. आपण वीस सेकंद धरू. तासाला ४५ लिटर झालं, दिवसाला १०८० लिटर. म्हणजे तुमची २०० लिटरची टाकी तो एकटा साडेचार तासांत एकदा आणि दिवसातून पाच वेळा गाळणार.

दुकानदाराचं "हाच पाणी साफ करतो" हे वाक्य इथवर खरं आहे. पण साफ करतो म्हणजे काय करतो? पाण्यातले जिवाणू आणि अतिसूक्ष्म शेवाळ खातो. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण पाच ते दहा लाख जिवाणू असतात आणि आत आलेल्यांपैकी बहुतेक तो धरून ठेवतो. समुद्रात पुढच्या क्षणाला नवं पाणी समोर येतं. तुमच्या टाकीत मात्र तेच एकदा गाळलेलं पाणी फिरून त्याच्याकडे येतं. त्यात स्किमर रात्रंदिवस चालू. स्किमरवाल्या टाक्यांमधले जिवाणू मोजले गेले आहेत, ते प्रवाळखडकांवरच्या पाण्याच्या सुमारे एक दशांश भरले. जिवाणू मारणारा यूव्ही दिवा लावला असेल तर आणखी कमी. आपण ज्याला "काचेसारखं पाणी" म्हणून अभिमानाने दाखवतो, ते स्पंजाच्या दृष्टीने रिकामं ताट.

मग वरून खायला घालू म्हणाल, तर कणाचा आकार पाहा. कॉलर पेशींची जाळी एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण पकडते. पन्नास मायक्रॉनच्या वरचं बहुतेक काही छिद्रातून आत जातच नाही. बाजारातली प्रवाळांची पावडर, ब्राइन श्रिंप, गोठवलेलं खाद्य हे सगळं दाराबाहेरच राहतं आणि वर बसून छिद्रं बुजवतं. गाळ बसला की बरेच स्पंज पाणी ओढणंच बंद करतात. त्यातल्या त्यात उपयोगाचं म्हणजे नॅनोक्लोरोप्सिससारखं जिवंत फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ), ज्याची पेशी दोन-तीन मायक्रॉनची असते. तेही रोज, थोडं थोडं, आणि स्किमर दोन-तीन तास बंद ठेवून. रोज इतकं अन्न ओतायचं तर नायट्रेट-फॉस्फेट सांभाळायला मोठी टाकी हवी. तुमच्या २०० लिटरमध्ये एक तर स्पंज उपाशी राहील, नाही तर पाणी बिघडून मासे त्रासात येतील. मधली वाट फार अरुंद आहे.

जिवाणूंशिवाय स्पंज पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थही शोषतात. कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटावर डच संशोधकांनी केलेलं काम २०१३ साली प्रसिद्ध झालं. प्रवाळांनी आणि शेवाळांनी सोडलेले हे विरघळलेले पदार्थ खडकाच्या कपारीतले स्पंज खातात, आणि आपल्या जुन्या पेशी भराभर टाकून देतात. त्या टाकलेल्या पेशी पुढे किडे, शंख, गोगलगायी खातात. खडकाभोवतीच्या, अन्नद्रव्यं फार कमी असलेल्या पाण्यात एवढी जीवसृष्टी कशी पोसली जाते, याचं मोठं कोडं त्यातून उलगडलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण टाकीत स्पंज कुठे आणि कसा वाढवायचा याचं उत्तरही त्यातच आहे: अंधाऱ्या कपारीत, चपट्या पापुद्र्यासारखा, जुन्या टाकीत, आपला आपण.

लाइटचं विचारलंत. या नारिंगी, लाल, पिवळ्या फांदीवाल्या स्पंजांना लाइट लागत नाही, आणि जोराचा लाइट घातक ठरतो. कारण त्याच्या अंगावर शेवाळ धरतं आणि छिद्रं झाकली जातात. दुकानातल्या स्पंजावर हिरवट-तपकिरी लव दिसली की तो हरत चालला आहे असं समजा. काही जातींच्या अंगात मात्र प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू, सायनोबॅक्टेरिया, राहतात. बाजारात "ब्लू स्पंज" म्हणून मिळतात ते निळे, पसरट किंवा बोटांसारखे स्पंज बहुतेक या गटातले. त्यांना निम्मं-अधिक अन्न घरातूनच मिळत असल्यामुळे ते टाकीत टिकतात. विकतचा स्पंज हवाच असेल तर निवड यातूनच करा. मात्र ते पसरले की शेजाऱ्यावर चढतात. वेगळ्या दगडावर, चारही बाजूंनी मोकळी जागा सोडून ठेवावं लागतं.

आता सोलापूरची बाजू. माझं इतकी वर्षं इथल्याच टाक्यांमध्ये काम आहे, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

एप्रिल-मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ च्या घरात. स्लॅबखालच्या खोलीत दुपारी टाकीचं पाणी चिलर नसेल तर ३१-३२ अंशांवर सहज जातं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो: ३५ क्षारतेच्या (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) पाण्यात २५ अंशाला लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशाला सुमारे ६.२. त्याच वेळी सगळ्यांची भूक आणि श्वास वाढलेला असतो. आपली कोरडी हवा एका बाबतीत मदतीला येते. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा मारला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत पंख्याचा एवढा गुण येत नाही. पण त्याची किंमत पाण्याने मोजावी लागते. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या तुमच्या एवढ्या टाकीतून रोज चार-पाच लिटर पाणी उडतं. रोज पाच लिटर धरून तीन दिवस भर घातली नाही, तर २०० चे १८५ लिटर होतात आणि ३५ ची क्षारता ३७.८ वर जाते. क्लाउन हे सोसेल. स्पंज आपल्या पेशींमधलं पाणी राखायला फारसं काही करू शकत नाही. लग्नसराईत चार दिवस गावाला जाणार असाल तर फ्लोटवर चालणारा ऑटो टॉप-अप आधी बसवा, स्पंजाचं नंतर बघू.

भर घालायचं पाणी कुठलं? उजनीचं नळाचं असो, बोअरचं असो की टँकरचं, थेट वापरायचं नाही हे तुम्हाला माहीत असेलच. पण स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणीही चालणार नाही. त्यात चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) वाढवून ठेवलेला असतो. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) हवं आणि मीटरवर शून्य हवं. इथे एक बारकावा सांगतो, जो दुकानात कोणी सांगत नाही. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिका निसटायला लागते, आणि टीडीएस मीटरला ती दिसत नाही. मीटर शून्य दाखवतोय आणि काचेवर तपकिरी पावडर धरतेय, तर रेझिन बदलायची वेळ झाली. गंमत अशी की बऱ्याचशा स्पंजांचा सांगाडा सिलिकेच्याच सुयांचा असतो, त्यांना ती थोडी लागते. म्हणून काही जण मुद्दाम सिलिकेट टाकतात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. सव्वा वर्षाच्या टाकीत स्पंजापेक्षा डायटम (काचेवर धरणारं तेच तपकिरी सूक्ष्म शेवाळ) आधी फोफावतील.

वीज जाणं हा तिसरा भाग. पंप थांबला की स्पंजाभोवतीचं पाणी साचतं आणि प्राणवायू उतरतो. तास-दोन तास निभतं. उन्हाळ्यातल्या रात्री चार-पाच तास वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप किंवा इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) तरी हवाच. आणखी एक, खास आपल्या गावचं: ज्यांच्या घरालगत यंत्रमाग चालतात त्यांच्या टाकीवर सुताचा बारीक धुरळा बसतो. पाण्यावर त्याचा तवंग येतो आणि ओव्हरफ्लोतून तो थेट सम्पात उतरतो. अशा घरात टाकीवर बारीक जाळीचं झाकण आणि पृष्ठभाग ओढणारा ओव्हरफ्लो, दोन्ही लागतात.

एवढं ऐकूनही एखादा स्पंज आणायचाच असेल, तर निळा, लहान आणि दगडावर पक्का धरलेला घ्या. फांदी कापून प्लास्टिकच्या तुकड्यावर चिकटवलेला नको. पांढरा डाग, बुरा, मऊ पडलेला भाग दिसला तर सोडून द्या. आणि तो पाण्याबाहेर काढू देऊ नका. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले काही स्पंज उघडे पडूनही जगतात, पण बाजारात येणारे बरेचसे त्या पट्ट्यातले नसतात. त्यांच्या नळ्यांमध्ये हवा अडकली की ती बाहेर पडत नाही आणि तो भाग आतून कुजतो. दुकानदाराला सांगा, पिशवी टाकीत बुडवून स्पंज पाण्याखालीच आत घ्यायचा आणि तोंडही पाण्याखालीच बांधायचं. बरेच जण कुरकुर करतात. तरी आग्रह धरा. पुण्याहून प्रवास चार-पाच तासांचा, तेव्हा थर्माकोलच्या पेटीत, थंडीच्या दिवसांत, संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने आणला तर उत्तम. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवून आणलेला स्पंज घरी पोचेपर्यंतच अर्धा गेलेला असतो.

घरी आल्यावर पिशवीत टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळत तासभर घ्या आणि सोडतानाही तो पाण्याखालीच राहू द्या. पहिले काही दिवस त्याची तोंडं मिटलेली असतील, घाबरू नका. जिवंत आहे का हे बघायची एक साधी रीत आहे. रात्री वेव्हमेकर बंद करा, ड्रॉपरने फायटोप्लँक्टनचे चार थेंब स्पंजाच्या कुशीजवळ सोडा आणि बाजूने टॉर्च धरा. चालू असेल तर हिरवा ढग अंगाकडे ओढला जाऊन विरतो, आणि वरच्या तोंडाशी तरंगणारे कण एकाएकी वर उडतात. डोळ्यांनी दुसरी कुठलीच हालचाल न दिसणाऱ्या या प्राण्याचा श्वास दिसावा, तसं ते दृश्य असतं. मी आजही प्रत्येक नव्या टाकीवर हे करून बघतो.

डाग पडला तर वाट पाहू नका. धारदार ब्लेडने, पाण्याखालीच, डागाच्या पलीकडे बोटभर निरोगी भागातून कापून खराब तुकडा लगेच टाकीबाहेर काढा. स्पंज कापून घेणं सोसतो. १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने जिवंत स्पंज बारीक विणीच्या कापडातून पिळून काढला होता. पेशी सुट्या झाल्या आणि भांड्याच्या तळाशी पुन्हा एकत्र येऊन त्यांनी नवे स्पंज बांधले. तेव्हा निरोगी राहिलेला तुकडा जगायची आशा असते. कुजणारा भाग मात्र लहान टाकीत रात्रीत अमोनिया चढवतो, आणि काही जातींच्या अंगातली विषारी रसायनंही तेव्हा पाण्यात उतरतात. स्पंज पळू शकत नाही, त्याचं संरक्षण या रसायनांवरच असतं.

दोन गोष्टी आणण्याआधी तपासा. टाकीत कधीही तांब्याचं औषध टाकलं असेल तर स्पंज विसरा. दगड आणि वाळू ते धरून ठेवतात आणि पुढे सोडत राहतात. आणि एंजलफिश पाळायचा विचार असेल तर तोही स्पंजाबरोबर जमणार नाही, बऱ्याच मोठ्या एंजलांचं समुद्रातलं मुख्य खाणंच स्पंज आहे.

कोकणात सुट्टीला गेल्यावर ओहोटीच्या डबक्यात रंगीत स्पंज दिसतात आणि बाटलीत घालून आणायचा मोह होतो. आणू नका. मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. चुनखडी सांगाड्याचे सगळे स्पंज आणि खडक बांधणारे प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आले. किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड उचलणं म्हणजे सरळ गुन्हा. कायदा बाजूला ठेवला तरी मालवण ते सोलापूर घाट चढून येईपर्यंत तो स्पंज जगत नाही.

आता तुमच्या पांढऱ्या पिशव्या. भिंगातून पाहा. लांबट, अंग जरा लवदार, आणि वरच्या टोकाला तोंडाभोवती बारीक सुयांची झालर दिसली तर तो सायकॉन. त्याचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असल्यामुळे सिलिकेची त्याला गरज नाही. शंखाच्या पाठीवरून, कीटोमॉर्फा या केसाळ शेवाळाच्या गुंत्यातून किंवा कुणाकडून घेतलेल्या दगडावरून तो येतो. काही महिने भरपूर दिसतो, मग एकदम कमी होतो. त्यात काळजीचं काही नाही. पाइपचं तोंड बुजवत असेल तेवढेच खरवडा.

हे आपले आपण येणारे स्पंज वाढवायचे असतील तर सम्पमध्ये एक कप्पा पूर्ण अंधारा करा. टाकीतून उतरलेलं पाणी आधी तिथे यावं आणि मग स्किमरकडे जावं. आत सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे किंवा कोरडा दगड, एकमेकांवर न रचता, मध्ये बोट जाईल एवढ्या फटी ठेवून. प्रवाह मध्यम, म्हणजे गाळ बसू नये आणि पाणी आपटूही नये. या कप्प्याच्या आधी कापडी फिल्टरची पिशवी लावू नका, नाही तर सगळं अन्न तिथेच अडकेल. ओळखीच्या कुणाकडे जुनी, रोगमुक्त टाकी असेल तर तिच्या सम्पमधला एक दगड पाण्यात बुडवूनच आणा आणि या कप्प्यात ठेवा. पुढे दगडांच्या खालच्या बाजूला पिवळट, करडे, कधी लाल पापुद्रे धरू लागतील. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी आठ-नऊ डीकेएचच्या दरम्यान आणि तापमान २७ च्या आत राहिलं तर ते टिकतात.

पहिले सहा महिने काहीच दिसणार नाही, तरी कप्पा धुवायला काढू नका. तळाशी गाळ साचला तर बारीक नळीने पाण्याखालूनच ओढून घ्या, दगड हलवू नका आणि उघडे पाडू नका. टाकीचं पाणी बदलतानाही सम्पची पातळी त्या दगडांच्या खाली जाणार नाही एवढं पाहा. बऱ्याच टाक्यांमध्ये नुकते धरलेले पापुद्रे अशा पाणी बदलण्यातच उघडे पडून मरतात.